सध्या काय ऐकता? श्रवणबैठकीपूर्वीची तयारी

सात-आठ कानसेनांनी एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमायचे आणि सध्या आपण कोणते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकत आहोत ते इतरांना ऐकवायचे, अशा बैठकीची तयारी मैफलीपेक्षा सोपी वाटते, कारण गवयाला गाडी पाठवायची नसते आणि तंबोरे जुळवायचे नसतात. परंतु मैफलीत गवई आपली पट्टी, म्हणजे ‘सा’ कोणत्या उंचीवर धरायचा ते, स्वतः ठरवतो, वेळ पाहून राग निवडतो आणि समोरच्या माणसांचा अंदाज घेऊन गाणे वाढवतो किंवा आवरते घेतो. मुद्रण ऐकवताना ही तिन्ही कामे ऐकवणाऱ्याच्या अंगावर येतात. म्हणून पट्टी, वेळ आणि लांबी या तीन गोष्टींची निश्चिती आधी करावी आणि सतरंजी, चहा वगैरे त्यानंतर पाहावे.

बैठकीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येकाकडून एकच मुद्रण मागवावे. दोन मागवले की लोक चार आणतात आणि शेवटी कशाचेच पूर्ण ऐकणे होत नाही. ऐकण्याचा एकूण वेळ नव्वद मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये, आणि त्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या व लाँगप्ले यांचे मिश्रण असावे. दहा इंची जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते, तर लाँगप्लेची बाजू वीस मिनिटे किंवा त्याहून थोडी अधिक चालते. त्यामुळे तीन लाँगप्लेच्या बाजू आणि चार जुन्या तबकड्या एवढ्यात संध्याकाळ भरते. जुनी तबकडी लागोपाठ दोनदा लावायची, हे यादी करतानाच गृहीत धरावे. पहिल्या वेळी कान खरखरीला सरावतो आणि गाणे दुसऱ्या वेळी ऐकू येते. द. वि. पलुस्करांचा गौड सारंग राग, ‘पियु पल न लागी’, दोनदा ऐकला म्हणजे तीन मिनिटांत स्थायी, अंतरा हे बंदिशीचे दोन भाग आणि ताना कोणत्या हिशेबाने बसवल्या आहेत ते लक्षात येते. एकदाच ऐकला तर नुसता गोडवा ध्यानात राहतो.

निवड करताना जोडीने ऐकण्याजोगी मुद्रणे सुचवता आली तर अवश्य सुचवावीत. जोगियातील ‘पिया मिलन की आस’ ही ठुमरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीत ऐकून लगेच भीमसेन जोशींची ऐकली, तर मिरजेच्या खाँसाहेबांच्या आवाजातले काय त्यांचे शिष्य आणि भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व यांच्यामार्फत पुढे आले आणि काय भीमसेनजींनी स्वतःचे घातले, यावर बोलण्यासाठी कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही. मात्र जोडी एकच ठेवावी. दोन-तीन जोड्या झाल्या की बैठकीला परीक्षेची कळा येते. त्याच कारणाने ‘राग ओळखा’ हा खेळही ठेवू नये. ज्यांना राग ओळखता येत नाही ते त्यामुळे गप्प बसतात, आणि ज्यांना ओळखता येतो ते गाण्याकडे लक्ष देत नाहीत.

यादी हाती आली की प्रत्येक मुद्रणाची ओळख लेखी घ्यावी. कलाकार, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, साथीदारांची नावे, कंपनी आणि साल एवढे पुरे. पण साल लिहिताना ते मुद्रणाचे, पहिल्या प्रकाशनाचे की सीडीच्या पुनर्प्रकाशनाचे, हे स्पष्ट करून घ्यावे, कारण कॅसेट आणि सीडीच्या वेष्टनांवर छापलेल्या वर्षामुळे १९३५ सालचे गाणे १९९५ सालचे होऊन बसते. मूळ तबकडी हाताशी असेल तर लेबलच्या कडेने कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा. लेबलवरचे रागाचे नाव चुकते, तो क्रमांक सहसा चुकत नाही. इंटरनेटवरून आलेल्या फायलींच्या बाबतीत थोडा संशय बाळगणे हिताचे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका निघाली नाही, आणि गायक भास्करबुवा बखल्यांचाही आवाज आपल्याला उपलब्ध नाही. तेव्हा यांपैकी कोणाचे ‘दुर्मीळ मूळ गायन’ घेऊन कोणी उत्साहाने येणार असेल, तर त्याला बैठकीत सर्वांसमोर टोकण्याऐवजी आधीच फोन करावा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो वेगाच्या तपासणीला. सुरुवातीच्या काळातील तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, परंतु त्या काळी मुद्रणाचा वेग एकसारखा नसे. काही बाजू मिनिटाला चौऱ्याहत्तरच्या आसपास, काही ऐंशीच्याही वर कोरलेल्या आढळतात. अशी बाजू आज ठरीव वेगाने फिरवली की षड्ज, म्हणजे ‘सा’, सरकतो. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की आवाज अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जातो, म्हणजे पेटीच्या पांढरी सहात गाणारी बाई तिच्या लगतच्या वरच्या काळी पाचमध्ये गाऊ लागते, तिचा आवाज किंचित चिरका होतो, ताना खऱ्यापेक्षा चपळ वाटतात, आणि आपण त्या चपळाईचे कौतुक करत बसतो. तपासणीसाठी पेटी किंवा मोबाइलवरचे तानपुरा ॲप पुरते. आरंभीचा षड्ज पकडून तो कोणत्या पट्टीशी जुळतो ते पाहावे, त्याच कलाकाराच्या त्याच काळातील आणखी दोन-तीन बाजूंशी ताडून घ्यावे, आणि एखादीच बाजू इतरांपासून फटकून असेल तर वेग दुरुस्त करावा. षड्ज नेमका दोन पट्ट्यांच्या मध्ये येत असेल आणि साथीला पेटी वाजत असेल, तर पेटीचे सूर ठरलेले असल्याने शंकेला अधिक बळ मिळते. तरीही त्या काळच्या साऱ्याच पेट्या आजच्या मापाने जुळवलेल्या नव्हत्या, हे लक्षात ठेवून निकाल द्यावा. दुरुस्ती संगणकावर करताना नुसता सूर उतरवणारे बटण दाबू नये. मूळ दोष फिरण्याच्या वेगाचा असल्यामुळे सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात बदलायला हवेत. तीन मिनिटे वीस सेकंदांची बाजू अर्ध्या स्वराने खाली आणली की ती साधारण बारा सेकंदांनी लांबते, आणि तशी लांबली नसेल तर दुरुस्ती चुकीच्या बटणाने झाली असे समजावे.

खरखर काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. खरखर स्वच्छ करणाऱ्या सोयी तंबोऱ्याचा झणकार, श्वास आणि ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजनेही पुसून नेतात, आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. तबकडीच्या शेवटी गायिकेने स्वतःचे नाव पुकारले असेल तर तेही कापू नये. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे मुद्रण केले, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना कोणाची बाजू कोणती हे कळावे म्हणून शेवटी इंग्रजीत नाव सांगण्याची पद्धत होती. ते वाक्य गाण्याइतकेच त्या मुद्रणाचे आहे.

यानंतर क्रम लावायचा, आणि तो घड्याळाकडे पाहून. अमीर खाँसाहेबांच्या १९६० सालच्या सुप्रसिद्ध लाँगप्लेवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे; कंपनीने सूर्यास्त आणि मध्यरात्र पाठीला पाठ लावून छापली, म्हणून आपण तबकडी उलटून लगेच दरबारी लावण्याचे कारण नाही. त्या मारव्यातला ‘पिया मोरे अनत देस’ हा विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल सूर्यास्ताला लागावा, असे ठरवले तर बैठकीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते: मुंबई-पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. म्हणून हिवाळ्यात साडेचारला गौड सारंगाच्या तबकडीने आरंभ करावा, या दुपारच्या रागाची वेळ थोडी उतरलेली असली तरी ती खपते. मग मारवा, आणि थोड्या विश्रांतीनंतर रात्रीचे राग. मारव्याला लागून पलुस्करांचा श्री, ‘हरि के चरन कमल’, कोणी आणला असेल तर दोन्हींच्या मध्ये चहा ठेवावा, कारण दोन्ही राग सायंकाळचेच असले तरी मारव्याचा तो अधांतरी षड्ज कानातून जाण्यापूर्वी श्री सुरू झाला तर दोघांवरही अन्याय होतो. समयाच्या बंधनावर माझा विश्वास आहे, पण अट्टहास नाही. सकाळचा राग कोणी मनापासून निवडला असेल तर तो संध्याकाळी लावण्यापेक्षा रविवारी सकाळी वेगळे जमावे, हे बरे. शेवट भैरवीने करायचा असेल तर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ठेवावी. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवलेल्या तबकडीत ती आहे, ही हकिगत मात्र एका वाक्यात उरकावी. ती लांबली की लोक यानाविषयी बोलू लागतात, आणि त्या साडेतीन मिनिटांत केसरबाईंचा आवाज एकाही जागी विरळ होत नाही याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

उपकरणांची तपासणी आदल्या दिवशी करावी. मूळ तबकड्या वाजवायच्या असतील तर ७८ फेऱ्यांसाठी जाड टोकाची सुई वेगळी लागते. लाँगप्लेची बारीक सुई जुन्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसती धूळ वाचते. चावीच्या ग्रामोफोनवर लावणार असाल तर पोलादी सुई दर बाजूला बदलावी आणि डबीत पुरेशा सुया आहेत का ते मोजावे. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यामुळे त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये; लाख त्यात विरघळते. मऊ फडके आणि अगदी थोडे डिस्टिल्ड वॉटर पुरते, लेबल मात्र कोरडे ठेवावे. कोकण-गोव्याकडून येणाऱ्या तबकड्यांवर पावसाळ्यानंतर बुरशी असते, तेव्हा त्या दोन दिवस आधी मागवून घ्याव्यात. फायलींवरून ऐकणार असाल तर त्या आधीच उतरवून ठेवाव्यात, कारण थेट संकेतस्थळावरून लावले की आलापाच्या मधोमध गुंतवणुकीची जाहिरात लागते. विलंबित आणि द्रुत (जलद) यांचे सीडीवर दोन तुकडे केलेले असतात, त्यामुळे गाणी उलटसुलट लावणारी सोय बंद आहे ना, ते पाहावे. ॲम्प्लिफायरला तारेने जोडावे आणि खर्ज फुगवणारे बटण मिटवावे. नाही तर तबल्याचा डग्गा घुमू लागतो आणि त्याखाली गायकाचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला आवाज, दबतो.

खोलीबाबत फार सांगण्यासारखे नाही. पंखा पूर्ण वेगाने लावून एक विलंबित ऐकून पाहावे. पंख्याचा स्वतःचा एक सूर असतो आणि तो तंबोऱ्याशी क्वचितच जुळतो. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी पाठीच्या खुर्च्या कडेला ठेवाव्यात, कानाला यंत्र लावणाऱ्यांना पुढे बसवावे, आणि शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या कितीला होतात याची चौकशी करून ठेवावी.

बैठकीत लंडन-न्यू जर्सीची मराठी मंडळी व्हिडिओ कॉलवर सामील होणार असतील, तर त्या ॲपमधील गोंगाट दाबणारी सोय आधी बंद करावी, कारण एकसारखा वाजणारा तंबोरा यंत्राला गोंगाटच वाटतो आणि ते तो काढून टाकते. त्याहून उत्तम म्हणजे मुद्रणांची नेमकी ओळख त्यांना आधी कळवावी आणि आपण इकडे लावू त्याच क्षणी त्यांनी तिकडे आपापली प्रत लावावी. आपल्याकडचा सूर्यास्त हिवाळ्यात लंडनच्या दुपारी साडेबाराला येतो, त्याला इलाज नाही.

ऐकवणाऱ्याने स्वतःची तयारी म्हणून दोन मिनिटांचे निवेदन लिहून काढावे आणि ते घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचावे. त्यात कलाकाराचे चरित्र आणि पुरस्कार नकोत. ते सर्वांना ठाऊक असतात. हे मुद्रण आपण किती दिवसांपासून ऐकतो आहोत, कोणत्या आवर्तनापाशी थांबून मागे जातो आणि तिथे नेमके काय घडते, एवढेच सांगावे. ‘दिव्य’, ‘अलौकिक’ ही विशेषणे घरी ठेवून यावीत. मुद्रण चालू असताना गाण्यातल्या सुंदर जागेवरची दाद येणारच, ती यावी. पुढची जागा आधीच सांगून ठेवणे मात्र टाळावे.

बैठक संपल्यावर तबकड्या ज्याच्या त्याला उभ्या ठेवूनच परत द्याव्यात, आडव्या चळतीत खालच्या तबकड्या वाकतात किंवा तडकतात. काय ऐकले त्याची नोंद तारखेसह एका वहीत करावी, आणि वेग दुरुस्त केला असेल तर किती टक्क्यांनी, तेही लिहावे. फायली मागणारे दुसऱ्याच दिवशी फोन करतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो, तेव्हा जुन्या तबकड्यांच्या प्रती देण्यास बहुधा हरकत नसते आणि अलीकडच्यांसाठी कुठे विकत मिळते ते सांगावे. खासगी मैफलीचे मुद्रण असेल तर ज्याने ते आणले त्याला विचारल्याशिवाय कोणालाही पुढे पाठवू नये, आणि हे बैठक सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे.