सीजी-नॅटच्या मागचा रिसीव्हर पुण्यातून कसा लागला

सांगलीच्या घरी गच्चीवर ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे रोखलेली डिश आहे, खाली एनिग्मा-२ या सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर (सेट-टॉप बॉक्स). पुण्यात बसून त्यावरचं सह्याद्री बघायचं होतं. राउटरवर ८००१ हा स्ट्रीमिंगचा पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेली मागणी रिसीव्हरकडे वळवली, तरी बाहेरून काहीच लागेना. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) पाहिला, तर तो १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, सीजी-नॅट: एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगने काही होत नाही.

घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टेलस्केल (आपली उपकरणं एका खासगी नेटवर्कात जोडणारं व्हीपीएन) टाकलं आणि घरचं सबनेट, म्हणजे घरच्या नेटवर्कमधले सगळे पत्ते, त्यातून जाहीर केलं. पायवर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यांसाठी आलेला डेटा पुढे पाठवणं) चालू करावं लागतं आणि टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर तो रूट मंजूरही करावा लागतो. हे दुसरं हमखास राहतं. मग मोबाइलवर ओपनवेबिफ (रिसीव्हरचं ब्राउझरमधलं नियंत्रण पान) घरच्याच लोकल पत्त्यावर उघडलं, व्हीएलसीत चॅनेल लागलं. तसाही रिसीव्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकणं मला पटत नव्हतंच.

दोन्हीकडच्या राउटरच्या आतल्या नेटवर्कचे पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर गोंधळ होतो, म्हणून सांगलीचा १९२.१६८.५० केला. चित्र अडखळलं तर घरच्या कनेक्शनचा अपलोड स्पीड बघा, डाउनलोड नव्हे.