नको म्हणायचा सराव

आमच्या ढोलपथकाचा सराव नदीपात्रात चालतो, गणपतीच्या आधी दीड-दोन महिने, रोज संध्याकाळी. नवीन वादकांची नोंदणी, पालकांची संमतीपत्रं आणि सराव सुटल्यावर कोण कुणाच्या गाडीवर बसून घरी जातंय ते बघणं ही कामं माझ्याकडे असतात. पोरं मला काकू म्हणतात. ढोल खाली ठेवल्यानंतरचा अर्धा तास, म्हणजे टपरीवरचा, मी रोज बघते. आईवडिलांना नेमका तोच दिसत नाही.

"मित्रांच्या नादानं बिघडला हो," असं दर वर्षी कुणीतरी आई सांगते. मित्र नक्की काय म्हणाले, असं मी विचारते. बहुतेक वेळा काहीच म्हणालेले नसतात. चहा चाललेला असतो, एकाच्या खिशातून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, निघतं (2019 पासून देशात बंदी आहे, तरी निघतं), ते हातोहात फिरत आपल्या पोरापाशी येतं. "ओढ" असं कुणी म्हणत नाही. सगळे नुसते बघतात. म्हणून "तुला कुणी जबरदस्ती केली का?" हे विचारू नका. उत्तर "नाही" येईल आणि ते खरंही असेल. त्यापेक्षा कोण कोण होतं, आधी कुणी घेतलं आणि कुणी घेतलं नाही, हे विचारा. न घेणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता "नाही म्हणायला शिक" या उपदेशाबद्दल. शिकणार कुठे? आपल्याकडे पंगतीत पोरानं जिलबीला नको म्हटलं की चार जण वाढायला धावतात. "माझ्या हातची एक तरी", "एवढीशी तर आहे", "काकूला नाराज करणार का?" पोरगं शेवटी खातं आणि सगळे खूश होतात. (पुणेकर आग्रह करत नाहीत असं बाहेरचे म्हणतात. त्यांनी आमच्या आत्याकडे एकदा जेवून बघावं.) टपरीवर हीच वाक्यं येतात, फक्त जिलबीच्या जागी दुसरं काही असतं. पंधरा वर्षं ज्याला नको म्हणणं म्हणजे उद्धटपणा असं शिकवलं, तो त्या दिवशी अचानक ठाम कसा होईल?

तेव्हा सुरुवात घरात करा. पोरानं एकदा नको म्हटलं की पुन्हा वाढायचं नाही. पाहुण्यांच्या पाया पडायला, गाणं म्हणून दाखवायला नको म्हणालं तरी चेहरा पाडायचा नाही. त्याचं नको घरात चालतं हे त्याला कळू दे.

मग वाक्य तयार करा आणि चक्क मोठ्यानं म्हणून घ्या. आमच्याकडे ताशाचा ठोका मनात घोकून कुणाला येत नाही, हेही तसंच. वाक्य छोटं हवं आणि त्यात कारण नको, कारण दिलं की पोरं ते खोडून काढतात. "मला खोकला आहे." "अरे, यानं खोकला जातो." "उद्या पेपर आहे." "एक झुरका काय करतोय?" झालं, हरलात. त्यापेक्षा "नको. भूक लागलीये, वडापाव कोण घेतंय?" विषयही बदलतो आणि पायही हलतात. "फट्टू" म्हणतीलच. "हो, आहे" म्हणून हसायचं. त्यावर पुढे बोलायला कुणाकडे काही नसतं.

हे जमत नसेल तर दोष घरावर ढकलायची मुभा द्या. "आमची आई तोंडाचा वास घेते" हे वाक्य मी स्वतः पोरांना पाठ करायला दिलंय. आमच्या एका वादकाचं आईशी ठरलेलं होतं: त्यानं "भाजी कुठली आणू?" असा मेसेज टाकला की आईनं लगेच फोन करून सगळ्यांना ऐकू जाईल असं झापायचं, "आत्ताच्या आत्ता घरी ये." पोरगं तोंड वाकडं करत गाडीला किक मारायचं. मित्रांना त्याची कीवच यायची.

आणि तो न घेणारा दुसरा. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञानं 1950च्या दशकात रेघांची लांबी ओळखायचे प्रयोग केले. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि ते ऐकून, ज्याला हे ठाऊक नसे तो एकटा माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांसमोरची रेघ सोडून त्यांच्यासारखं बोलत असे. पण एक जण जरी बरोबर बोलला, तरी हे वाहवत जाणं खूपच कमी होई. एकच जण पुरतो. त्या मुलाला घरी बोलवा, खाऊपिऊ घाला, दोघं एकत्र जाऊ-येऊ देत.

गाडीचं मात्र वेगळं, तिथे मुभा नाही. अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर 2019च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. किल्ली तुमच्या खिशात ठेवा. मारहाण किंवा फोटोवरून धमक्या असं काही असेल तर समजावत बसू नका, 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

एक गोष्ट पालक कधीच विचारत नाहीत: दुसऱ्यांना चढवणारं पोरगं आपलंच असेल तर? ते कुणाचं तरी असतंच. त्याला रागावून उपयोग होत नाही, कारण सगळे आपलं ऐकतात हीच त्याची चैन असते. अशा पोराला मी सराव सुटल्यावर सगळ्यांना घरी धाडायचं काम देते. ट्रिपल सीट दिसली की जाब त्याला. कुरकुरतो, पण एकालाही बसू देत नाही.