युद्धसंग्रहालयाला जाताना: माजी सैनिकाला सोबत नेणार असाल तर

युद्धसंग्रहालय बघायचं ठरलं की आपण वेळ बघतो, तिकीट काढतो आणि निघतो. मग चार तासांनी बाहेर पडताना डोक्यात रणगाडे, विमानं आणि दुखणारे पाय एवढंच उरतं. माझंही एकदा असंच झालं होतं. तेव्हापासून मी पहिली तयारी घरीच करते: एक नाव शोधून ठेवते. घरातलं कुणी सैन्यात होतं का, शेजाऱ्यांचे वडील, मैत्रिणीचे आजोबा, युद्धकाळात नर्स म्हणून गेलेली कुणाची आत्या, कुणीही चालेल. कुणीच सापडलं नाही तर त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ज्यांच्या गोष्टी दिलेल्या असतात त्यांतलं एक नाव घ्या. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकात तर ही रोजचीच रीत आहे. तिथल्या भिंतींवर एक लाखाहून जास्त नावं आहेत, हुद्द्याशिवाय लिहिलेली, आणि स्मारक बंद व्हायच्या वेळी त्यांतल्या एकाच माणसाची गोष्ट वाचून दाखवतात. एका दिवशी एकच. आपल्यालाही एका फेरीत तेवढंच झेपतं.

नाव ठरलं की त्याच्याभोवतीची माहिती गोळा करायची: पूर्ण नाव, पलटण, नोकरीची वर्षं आणि मुख्य म्हणजे सैनिकी क्रमांक. एकाच नावाची दहा माणसं एकाच पलटणीत असू शकतात, क्रमांक मात्र एकाचाच असतो. तो सेवापुस्तकात, पेन्शनच्या कागदांवर किंवा जुन्या पत्रांच्या कोपऱ्यात मिळतो. पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून बघा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सेवापदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. अशा पदकाला पॉलिश मारायचा मोह अजिबात नको. चकाकी येते, पण दर वेळी कडेवरचं नाव थोडं थोडं झिजतं.

घरातली ट्रंक आधी उघडा असं मी आग्रहाने सांगते, कारण सरकारी दप्तर कायम शाबूत असेलच असं नाही. लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून जास्त सेवानोंदी जळाल्या. अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली गेल्या. ज्यांच्या फायली गेल्या त्यांच्यापैकी कित्येकांचा पुरावा आता घरच्या एखाद्या पाकिटातच असेल. शोध धारातीर्थी पडलेल्या माणसाचा असेल आणि तो दोन महायुद्धांत राष्ट्रकुल देशांच्या सैन्यांतला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव घालून बघा. सुमारे १७ लाख माणसांच्या नोंदी तिथे फुकट बघता येतात. १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाने सुरुवातीलाच ठरवून टाकलं की सेनापती असो की साधा शिपाई, शिळा सारखीच. अशा दफनभूमीत उभं राहिलं की तो निर्णय डोळ्यांना दिसतो.

नावांच्या भिंतीपाशी जाणार असाल तर आदल्या दिवशी आणखी एक काम करा. नावं कोणत्या क्रमाने लावली आहेत ते बघून ठेवा. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत आणि ती बाराखडीनुसार नाहीत, माणसं ज्या क्रमाने गेली त्या क्रमाने आहेत. फलकाचा आणि ओळीचा क्रमांक लिहून नेला नाही तर नाव हाताशी असूनही सापडत नाही. त्या काळ्या दगडावर लोक कागद ठेवून पेन्सिलीने नाव उतरवून घेतात. इतरत्र हे चालतंच असं नाही, म्हणून आधी विचारायचं. चालत असेल तर पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल सोबत असू द्या.

आता सगळ्यांत नाजूक भाग. सोबत एखाद्या माजी सैनिकाला न्यायचं असेल तर तुमची इच्छा आहे म्हणून त्यांना यायलाच हवं असं धरून चालू नका. "तुम्हाला दाखवायला नेतो" असं म्हणण्यापेक्षा "तुम्हाला यावंसं वाटतं का?" एवढंच विचारा आणि 'नाही' आलं तर कारण विचारू नका. होकार आला तर कोणती दालनं आहेत ते आधी सांगून ठेवा. हल्ली पुष्कळ ठिकाणी खंदकाचा किंवा बॉम्बहल्ल्याचा अनुभव देणारी अंधारी खोली असते. तिथे धमाके होतात, जमीन हादरते, धूर सोडतात. शाळेच्या पोरांना त्यात मजा वाटते. ज्यांनी खरा धमाका ऐकलाय त्यांच्यासाठी ती खोली कुठे आहे आणि तिला वळसा घालून कसं जायचं हे आपल्याला ठाऊक असायला हवं. संग्रहालयाला आदल्या आठवड्यात फोन करून एवढं विचाराच: व्हीलचेअर मिळते का, लिफ्ट कोणत्या बाजूला, बसायला बाकं कुठे कुठे, गर्दी कमी कधी असते, माजी सैनिकांना वेगळं प्रवेशद्वार किंवा सवलत आहे का. सवलतीसाठी लागणारं ओळखपत्र आदल्या रात्रीच त्यांच्या खिशात गेलेलं बरं.

तोफखान्यात किंवा रणगाड्यांवर वर्षं काढलेल्या पुष्कळांचे कान अधू झालेले असतात. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारून घ्या आणि दिवसभर त्याच बाजूने चाला. ही एवढीशी गोष्ट आहे, पण तिने सगळी भेट बदलते. नाहीतर मागून बोलणारे आपण आणि हसून मान डोलावणारे ते, असा अख्खा दिवस निघून जातो.

पदकं लावायची का, हा निर्णय त्यांचा. ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांत पाळला जाणारा संकेत असा: स्वतः मिळवलेली पदकं छातीच्या डाव्या बाजूला, दिवंगत नातलगाची असतील तर उजव्या बाजूला. म्हणजे आजोबांची पदकं नात लावू शकते, फक्त उजवीकडे, आणि बघणाऱ्याला न सांगता कळतं की ही वारशाची आहेत.

पिशवीत फार काही नको. वाचायचा चष्मा मात्र हवाच, कारण या दालनांतला उजेड तुम्ही समजता त्याहून कमी असतो. गणवेश, पत्रं, रंगीत फिती उजेडाने विटतात आणि एकदा विटलेला रंग परत येत नाही, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. फ्लॅशला बंदी असते ती याच काळजीपोटी. आत शिरल्यावर डोळे सरावायला मिनिट-दोन मिनिटं द्या. वही आणि पेन्सिल घ्या, शाईच्या पेनाला काही ठिकाणी मनाई असते. पाणी, त्यांच्या औषधांची वेळ, अंगावर घ्यायला एखादं गरम कपडं, कारण एसी बोचरा असतो. झालं.

आणि वेळेची वाटणी. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दारात १५ इंची तोंडाच्या दोन नौदल तोफा आहेत. युद्ध चालू असतानाच, १९१७ साली, हे संग्रहालय उभारायचं ठरलं होतं. तिथे येणारा प्रत्येक जण आधी त्या तोफांपाशी थांबतो, फोटो काढतो. काढावा की. पण मोठ्या यंत्रांना पाव वेळ द्या आणि उरलेला लहान वस्तूंच्या कपाटांसाठी राखून ठेवा. हिरोशिमाच्या संग्रहालयात सव्वाआठला, म्हणजे अणुबॉम्ब पडला त्या क्षणी, थांबलेली घड्याळं आहेत, आणि चार वर्षंही पूर्ण न झालेल्या एका मुलाची तिचाकी सायकल आहे. वडिलांनी ती मुलासोबतच अंगणात पुरली होती आणि १९८५ साली बाहेर काढून संग्रहालयाला दिली. त्या काचेसमोर उभं राहायला दहा मिनिटं हवीत. तिथून लगेच पुढच्या दालनात जाणं मला तरी जमणार नाही.

लहान वस्तूंचा आग्रह मी धरते तो आबांमुळे. आबा माझे चुलत आजोबा, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांना घेऊन गेलो तेव्हा मशीनगनसमोर ते जेमतेम थांबले. एका कपाटात मात्र कापडाची गुंडाळी होती. आत सुया, दोरा, बटणं, रफू करायची लोकर. इंग्रजी फौजेत या गुंडाळीला 'हाउसवाइफ' म्हणत. आबा काचेला नाक लागेल इतके वाकले. मग काही न बोलता त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जुळवली, ओठांनी ओली केली आणि हवेत सुई ओवली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा ओवली गेली. "हात गारठले की अशीच चुकायची," म्हणाले. इतक्या वर्षांत मला त्यांच्या नोकरीबद्दल जे समजलं नव्हतं ते त्या बोटांनी सांगितलं.

त्याच दिवशी एक चूकही घडली. तिथल्या माणसाला आबा कोण ते कळल्यावर त्याने कौतुकाने आवाज चढवून सगळ्यांना बोलावलं आणि फोटोसाठी रांगच लागली. आबा ताठ उभे राहिले, प्रत्येकाशी हात मिळवला, आणि गाडीत बसल्यावर घरी पोचेपर्यंत बोलले नाहीत. तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं. तुम्ही पडा. "त्यांना विचारून घेते" एवढं नम्रपणे म्हटलं तरी लोक समजून घेतात.

प्रश्नांचीही तयारी करा, मुलं सोबत असतील तर नक्कीच. "किती जणांना मारलंत?" हा प्रश्न मुलं विचारतातच, त्यांचा दोष नाही, पण घरून निघतानाच सांगून ठेवा की हा विचारायचा नाही. त्याऐवजी द्यायला चांगले प्रश्न आहेत: पहिल्या दिवशी काय शिकवलं? बूट कसे होते? घरून पत्र यायला किती दिवस लागायचे? तुमचा सगळ्यात जवळचा मित्र कोण होता? शेवटच्या प्रश्नावर थांबले तर थांबू द्या. ती जागा आपण दुसऱ्या प्रश्नाने भरायची नाही. मोबाइलवर आवाज नोंदवायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि त्यांनी "हे नको" म्हटलेलं तिथल्या तिथे पुसून टाका.

मानवंदनेचा कार्यक्रम असेल तर त्याची रीत आधी वाचून जा. बेल्जियममधल्या ईप्र गावी मेनिन गेट या स्मारकाच्या कमानीवर पहिल्या महायुद्धातल्या ५४ हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं कोरली आहेत, अविभाजित भारतातून गेलेल्यांचीही. तिथे १९२८ पासून रोज रात्री ८ वाजता बिगुल वाजतो, मध्ये खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होतं त्या काळात. बिगुल संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात. नव्या माणसाचे हात आपोआप वर येतात, म्हणून मुलांना आधीच सांगा. आणि दिवसांचा फरक लक्षात ठेवा: अमेरिकेत मे महिन्यातला शेवटचा सोमवार गेलेल्यांसाठी असतो आणि ११ नोव्हेंबर सेवा केलेल्या सर्वांसाठी. गेलेल्यांच्या दिवशी समोरच्या हयात सैनिकाला "तुमचा दिवस" म्हणून शुभेच्छा दिल्या तर तो अवघडतो. त्याच्या डोळ्यांसमोर त्या दिवशी दुसरीच माणसं असतात.

घरची एखादी वस्तू संग्रहालयाला द्यायची मनात असेल तर थेट घेऊन जाऊ नका. फोटो आणि माहिती पाठवा, त्यांना हवी आहे का ते विचारा, मालकी हस्तांतराचा कागद नीट वाचून सही करा. फोटोंच्या मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि ट्रंकेत जुना तोफगोळा, हातबॉम्ब किंवा फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) निघाला तर त्याला हात लावू नका, हलवू नका, संग्रहालयात तर मुळीच नेऊ नका. खोलीतून बाहेर या आणि पोलिसांना कळवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला दारूगोळा निकामी झालेला असतो हा समज घातक आहे.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी त्यांना काही विचारू नका. ते थकलेले असतात आणि आत काहीतरी चालू असतं. दोन-तीन दिवसांनी फोन करा, शक्य असेल तर जाऊनच या. मी चौथ्या दिवशी गेले तेव्हा आबांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी आधीच ओढून ठेवली होती. तळाशी एका फोटोत पाच जण उभे होते. त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याखाली बोट ठेवून नाव सांगितलं, मी फोटो उलटा करून पेन्सिलीने लिहीत गेले. चौथ्या माणसाचं नाव त्यांना आठवेना. "थांब, येईल," म्हणाले, आणि आम्ही दोघं थांबलो.