थीसिसमध्ये एआय शिकवताना या चुका टाळा

एआयची कार्यशाळा म्हटली की सगळा वेळ प्रॉम्प्ट (एआयला द्यायची सूचना) कसा लिहायचा यात जातो आणि शेवटची दहा मिनिटं नीतिमत्तेच्या स्लाइडला उरतात. तोवर निम्मे रेसिडेंट डॉक्टर ड्युटीवर पळालेले असतात. बडोद्यात थीसिस करणाऱ्या पीजींना, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, मी शिकवते. माझं म्हणणं असं, की क्रम उलटा करा. आधी तपासायला शिकवा, मग विचारायला.

संदर्भ आहेत, पेपर नाहीत

चॅटबॉटनं दिलेल्या संदर्भात लेखक खरा, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, पण तो पेपर कुणी लिहिलेलाच नाही. चॅटबॉट पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातो, म्हणून असं होतं. इंटरनेटवर शोधणारी साधनं पेपर खरा देतात, पण त्यात नसलेला निष्कर्ष त्याच्या तोंडी घालतात. हे पकडणं जास्त अवघड. ‘काळजी घ्या’ म्हणून काही होत नाही. प्रत्येकाला आपल्याच विषयावर दहा संदर्भ मागायला लावा. मग डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत शीर्षक टाकून, मूळ पेपरात तो निष्कर्ष नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. गाईडनीही शेजारी बसावं. (गाईड त्या वेळी हमखास मीटिंगमध्ये असतात.)

‘नाव काढलं, आता काय अडचण?’

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. एक्सेलमधून नाव आणि केस नंबर उडवला की डेटा निनावी झाला, असं वाटतं. वय ९१, स्त्री, दांडिया बाजार, दुर्मिळ आजार, दाखल झाल्याची तारीख: एवढं सांगा, आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींत संध्याकाळच्या आत नाव निघेल. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी २००० साली अंदाज मांडला होता, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून तिथली ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतील.

म्हणून ९१ ऐवजी ‘८५ च्या वर’, पत्त्याऐवजी फक्त शहर, तारखेऐवजी महिना लिहा. एवढं करूनही ती फाइल फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. ती बाहेरच्या सर्व्हरवर जाते, आणि सेटिंग बदललेलं नसेल तर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणातही वापरली जाऊ शकते. पेशंटनं सही केली ती तुमच्या अभ्यासासाठी, कुठल्याशा कंपनीसाठी नव्हे.

मग आकडेमोडीचं काय? रकाने तेच, पण आकडे मनाचे, अशी फाइल बनवा. ती दाखवून आर किंवा पायथन या संगणकीय भाषेतला कोड एआयकडून लिहून घ्या आणि खऱ्या डेटावर तो आपल्याच संगणकावर चालवा. कोड बरोबर आहे का, हे पाहायला दहा-पंधरा पेशंटांचं उत्तर हातानं काढून ताडून बघा.

आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी स्वतंत्र नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती छापून वाटण्यापेक्षा रेसिडेंटच्या प्रोटोकॉलशेजारी (अभ्यासाचा लेखी आराखडा) ठेवून वाचा. पेशंटची माहिती कुठल्याही एआय साधनात जाणार असेल, तर ते आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहून एथिक्स कमिटीपुढे न्यायचं.

मुलाखत ऐकायचा कंटाळा

आपल्याकडचा पेशंट एका वाक्यात गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही बोलतो, त्यामुळे रेकॉर्डिंगवरून आपोआप उतरवलेला मजकूर चुकणारच. पण मजकूर उतरवणारं साधन कोऱ्या जागाही मनानं भरतं. ओपनएआयच्या व्हिस्पर या अशाच साधनावरच्या २०२४ च्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का तुकड्यांत कुणीच न बोललेली वाक्यं सापडली, आणि बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त होत होतं. लकव्यानंतर अडखळत बोलणाऱ्यांच्या मुलाखती घेत असाल तर विरामांपासूनच तपासायला लागा.

डिटेक्टरवर विसंबणं

मजकूर एआयनं लिहिला का, हे ओळखू पाहणारं सॉफ्टवेअर म्हणजे डिटेक्टर. त्यावर विसंबायची चूक गाईडांची. २०२३ च्या एका तपासणीत, मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध डिटेक्टरांनी एआयच्या माथी मारले. आपले विद्यार्थी त्याच गटातले. त्यापेक्षा वही ठेवायला लावा: कुठलं साधन, कुठली आवृत्ती, कधी, काय विचारलं, त्यातलं काय ठेवलं. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांप्रमाणे एआयला लेखक म्हणून दाखवता येत नाही, पण त्याचा वापर कळवावा लागतो. ही वही असली की पेपर पाठवताना तो परिच्छेद पाच मिनिटांत लिहून होतो.