खासदारांमार्फत संसदेत शेती-पर्यावरणाचा प्रश्न विचारायचाय? या चुका टाळा

अधिवेशनाच्या एका दिवशी लोकसभेत २० तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. म्हणजे दोन्ही सभागृहांत मिळून दिवसाला सव्वाचारशे प्रश्न, आणि त्यांत शेती, पाणी, जंगल, ग्रामविकास यांचा वाटा भरपूर. तरीही गावातून, शेतकरी संघटनेकडून किंवा एखाद्या नदी बचाव समितीकडून खासदारांकडे गेलेला प्रश्न बऱ्याचदा यादीत येतच नाही. आलाच तर दोन ओळींचं उत्तर घेऊन परततो. खासदाराने लक्ष दिलं नाही, मंत्र्याने टोलवलं, असं आपण म्हणतो आणि कधीकधी ते खरंही असतं. पण माझ्या पाहण्यात बहुतेक प्रश्न कागदावर उतरतानाच अडखळलेले असतात. हा लेख त्या कागदाबद्दल आहे.

चुकीच्या मंत्र्याला विचारलेला प्रश्न

सगळ्यात जास्त प्रश्न इथे वाया जातात. शेतीचं काहीही असलं की आपण वर 'कृषिमंत्री' लिहून मोकळे होतो. दिल्लीत मात्र शेतमालाचा कारभार सात-आठ मंत्रालयांत वाटलेला आहे.

कांद्याचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या सगळ्या काळात लासलगावच्या शेतकऱ्याचा राग कृषिमंत्र्यांवर होता. पण निर्यातबंदी आणि किमान मूल्याची अधिसूचना निघते वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयातून. शुल्क लावतं अर्थ मंत्रालय. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत बफर साठ्यासाठी कांदा कधी, किती, कोणत्या भावाने घ्यायचा आणि बाजारात कधी सोडायचा, हे ग्राहक व्यवहार खातं पाहतं. कृषी मंत्रालयाकडे लागवडीचं क्षेत्र आणि उत्पादनाचे अंदाज. म्हणून बंदीचा निर्णय कोणत्या आकड्यांवर झाला हे हवं असेल तर प्रश्न एक नाही, तीन करावे लागतात, तीन मंत्र्यांना, जमलं तर तीन खासदारांच्या नावाने.

कापसाचंही तसंच. हमीभाव कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून ठरतो, पण खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आहे. यवतमाळच्या खरेदी केंद्राबद्दल कृषिमंत्र्यांना विचारून हाती काही लागणार नाही. कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये माफ झालं, तो कागद अर्थ मंत्रालयाचा. उसाची एफआरपी (कारखान्यांनी द्यायचा किमान भाव) आणि साखरेचा विक्री कोटा अन्न व सार्वजनिक वितरण खात्याकडे, इथेनॉलची खरेदी पेट्रोलियमकडे, खतं रसायने व खते मंत्रालयाकडे, पीककर्ज अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाकडे. दुधासाठी २०१९ पासून पशुसंवर्धन, दुग्धविकास व मत्स्यव्यवसाय हे वेगळं मंत्रालय आहे, आणि सहकारासाठी २०२१ पासून.

आपत्तीच्या मदतीत तर फार बारीक भेद आहे आणि तो माहीत नसल्याने हंगामच्या हंगाम निघून जातात. पूर आणि चक्रीवादळासाठी राज्याने मागितलेली जादा केंद्रीय मदत गृह मंत्रालय हाताळतं. दुष्काळ, गारपीट, कीड आणि थंडीची लाट असेल तर ते काम कृषी विभागाचं. एकाच तालुक्यात फेब्रुवारीत गारपीट आणि सप्टेंबरमध्ये पूर झाला असेल तर दोन वेगळे प्रश्न हवेत.

पर्यावरणातही हीच गत. नदी किती प्रदूषित आहे हे मोजतं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे पर्यावरण मंत्रालय. पण सांडपाणी प्रकल्पासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून येणारा पैसा जलशक्ती मंत्रालयाचा. पर्यावरणमंत्र्यांना निधीबद्दल विचारलं की प्रश्न एका मंत्रालयातून दुसऱ्यात जातो, दिवस बदलतो, आणि अधिवेशन संपत आलं असेल तर तिथेच राहतो.

'हा राज्याचा विषय आहे'

कृषी मंत्रालयाच्या उत्तरांत हे वाक्य वारंवार येतं आणि ते खोटं नसतं. शेती, जमीन आणि पाणी राज्यसूचीत आहेत. जंगल आणि वन्यजीव मात्र १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात आले. हे वाक्य आलं की आपण हरलो असं मानून कागद बाजूला ठेवणं, ही दुसरी मोठी चूक.

या वाक्याला वळसा घालता येतो. राज्याने काय केलं हे केंद्राला विचारू नका. केंद्राने स्वतः काय केलं तेवढंच विचारा. आपत्तीच्या मदतीबद्दल असेल तर राज्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला मिळाला, केंद्रीय पथक कधी येऊन गेलं, त्याचा अहवाल कधी सादर झाला, उच्चस्तरीय समितीने किती रक्कम मंजूर केली आणि ती कधी वर्ग झाली? या पाचही गोष्टी केंद्राच्या फायलीत असतात. त्यामुळे 'राज्याला विचारा' म्हणायला जागा राहत नाही. शिवाय राज्य म्हणतं प्रस्ताव पाठवला, केंद्र म्हणतं आला नाही, हा खेळ एका तारखेने संपतो.

नोंद कुणाकडे असते याचा विचार न करता विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण मनाला लागणारं आहे. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस लोकसभेत विचारलं गेलं, की कृषी कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात किती शेतकरी दगावले आणि त्यांच्या कुटुंबांना मदत देणार का. कृषी मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं: आमच्याकडे नोंद नाही, त्यामुळे मदतीचा प्रश्न उद्भवत नाही. ते उत्तर निर्दय होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण प्रश्नातच आणखी एक भाग असता, की मंत्रालयाने ही माहिती राज्यांकडे मागवली का, कोणत्या तारखेच्या पत्राने, आणि मागवली नसेल तर का नाही, तर एवढ्यावर सुटका झाली नसती. शेतकरी आत्महत्यांबाबतही हे ध्यानात ठेवा. आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे, म्हणजे गृह मंत्रालयाचे. २०२२ साली देशात ११,२९० शेतकरी आणि शेतमजुरांनी आत्महत्या केल्या, त्यांतले ४,२४८ महाराष्ट्रातले. हा आकडा छापील अहवालात असताना तोच पुन्हा विचारून एक प्रश्न का घालवायचा?

मागणी लिहिली, प्रश्न लिहिलाच नाही

असा मसुदा बहुतेक निवेदनांत सापडतो: 'विमा कंपन्या शेतकऱ्यांना लुबाडत आहेत हे सरकारला माहीत आहे का? सरकार शेतकऱ्यांना न्याय देणार का?'

यातला संताप खरा आहे. पण लोकसभेच्या नियम ४१ नुसार प्रश्नात युक्तिवाद, निष्कर्ष, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मत विचारता येत नाही, 'समजा असं झालं तर' चालत नाही, साधारण १५० शब्दांच्या वर जाता येत नाही. न्यायालयात प्रलंबित प्रकरण चालत नाही. सहज उपलब्ध कागदपत्रांत असलेली माहिती मागता येत नाही आणि आधी उत्तर मिळालेला प्रश्नही पुन्हा देता येत नाही. 'न्याय देणार का' यातून वाट काढून यादीत आलंच, तर उत्तरात योजनेची माहितीपुस्तिका मिळते.

तोच प्रश्न असा करून पाहा:

(क) खरीप २०२४ मध्ये पंतप्रधान पीक विमा योजनेखाली महाराष्ट्रात जिल्हानिहाय व कंपनीनिहाय किती अर्ज झाले, शेतकरी, राज्य व केंद्र यांच्या हिश्श्याचा हप्ता किती जमा झाला आणि किती नुकसानभरपाई दिली गेली;

(ख) आजमितीस प्रलंबित दावे किती, आणि राज्याचा हिस्सा न येणे, उत्पादनाच्या आकडेवारीवरील वाद व बँक खात्यातील त्रुटी या कारणांनुसार त्यांची विभागणी काय;

(ग) विलंबासाठी कंपन्यांना लागू असलेले १२ टक्के व्याज कंपनीनिहाय किती आकारले गेले व त्यातील किती शेतकऱ्यांच्या खात्यात जमा झाले?

यात कुणावर आरोप नाही, पण एकही भाग 'होय' किंवा 'नाही' म्हणून मिटवता येत नाही. अधिकाऱ्याला रजिस्टर उघडावंच लागतं. जिल्हानिहाय, वर्षनिहाय, कंपनीनिहाय हे शब्द गाळू नका, नाहीतर देशपातळीचा एकच आकडा हाती येतो. मात्र दहा वर्षांची, सगळ्या राज्यांची माहितीही मागू नका. 'माहिती गोळा केली जात आहे' म्हणायला ते उत्तम निमित्त ठरतं. आपलं राज्य आणि तीन वर्षं पुरेत.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राबद्दल 'अंतिम अधिसूचना कधी काढणार' हे विचारून विचारून गुळगुळीत झालं आहे. पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा. त्यात एकूण सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्रातलं १७,३४० आणि गोव्यातलं १,४६१. इथे विचारायचं ते हे: सहाव्या मसुद्यावर ६० दिवसांत राज्यवार किती हरकती आल्या, महाराष्ट्र आणि गोवा सरकारांनी कोणत्या तारखेला कोणती गावं वगळायला सांगितली, एप्रिल २०२२ मध्ये नेमलेल्या समितीने त्यावर काय शिफारस केली. गावांची यादी सभागृहाच्या पटलावर आली की चर्चा गावापर्यंत येते.

एखाद्या खाणीच्या किंवा क्रशरच्या परवानगीबद्दल लिहिण्याआधी प्रकल्प कोणत्या वर्गातला आहे ते पाहा. पर्यावरण मंजुरीबद्दलच्या सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार 'अ' वर्गाला मंजुरी केंद्र देतं, 'ब' वर्गाला राज्यातलं प्राधिकरण. 'ब' वर्गाचा प्रश्न आमदारांकडे द्या. विधानसभेतला तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) तिथे कितीतरी जास्त कामाची.

वेळ, नाव आणि तारा

प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, तीही हिंदी किंवा इंग्रजीत, आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. अधिवेशनाची तारीख जाहीर झाल्यावर धावपळ केली तर पहिले एक-दोन आठवडे हातचे गेलेच. मसुदा तयार ठेवा.

तुमचे खासदार केंद्रात मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत. शेजारच्या मतदारसंघात जा, किंवा राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत, त्यांच्यापैकी कुणाला तरी भेटा.

प्रत्येक प्रश्न तारांकितच हवा हा हट्टही सोडा. तारांकित प्रश्नांचा क्रम सोडतीने लागतो आणि तासाभरात वीसपैकी मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. आकडे हवेत तर अतारांकित. मंत्र्याला उभं करून एका मुद्द्यावर बोलतं करायचं असेल तर तारांकित, पण मग खासदारांच्या हातात दोन उपप्रश्नही लिहून द्या. तारांकित प्रश्न पुकारला गेला आणि खासदारच सभागृहात नाहीत, असंही घडतं. आदल्या दिवशी फोन करायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. 'तुम्हाला कशाला त्रास, पासवर्ड द्या, आम्हीच भरतो' हे बोलणं मनातही आणू नका. खासदार ज्या पोर्टलवर प्रश्न भरतात त्याचं लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये एका खासदाराचं सदस्यत्व गेलं. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदार निष्कासित झाले. तुमचं काम मसुदा आणि पुरावे देण्यापर्यंत.

उत्तर आलं, आता फाईल बंद?

नाही. उत्तरात 'माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल' किंवा 'विचाराधीन आहे' असे शब्द असतील तर ते आश्वासन धरलं जाऊ शकतं. लोकसभेत त्यासाठी १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे आणि पूर्ततेची मुदत तीन महिने. तीन महिन्यांनी खासदारांच्या कार्यालयातून समितीला पत्र जायला हवं. तशी आठवण बहुतेक जण करून देत नाहीत, हे मला फार खटकतं, कारण खरी माहिती पुष्कळदा या पूर्तता अहवालातच येते.

उत्तरातला आकडा चुकीचा वाटला तर आधी तहसील किंवा कृषी अधीक्षक कार्यालयाचा लेखी आकडा माहिती अधिकारात मिळवा. दोन्ही कागद जोडले की खासदार लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली मंत्र्याच्या विधानातली चूक दाखवून देऊ शकतात. उत्तर बरोबर असूनही अपुरं असेल तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, तीन दिवस आधी सूचना देऊन. आणि प्रश्नच नाकारला गेला असेल तर नाकारण्याचं कारण खासदारांच्या कार्यालयातून मागून घ्या. मंत्रालय चुकलं असेल तर मंत्रालय बदला, विषय राज्याचा ठरला असेल तर वर सांगितल्याप्रमाणे तारखा मागा, आणि तातडीचं असेल तर तोच मुद्दा लोकसभेच्या नियम ३७७ खाली (प्रश्नाऐवजी निवेदन म्हणून) किंवा शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे मुद्दे मांडण्याच्या वेळेत, मांडायला द्या.