आठ कोअर असूनही गेम अडखळतो? प्रोसेसर निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

गेम आपलं काम सगळ्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) सारखं वाटत नाही. खेळाचे नियम चालवणारा आणि ग्राफिक्स कार्डाला कामं देणारा एक मुख्य थ्रेड (क्रमाने चालणाऱ्या कामांची साखळी) असतो. त्याचं काम आटोपल्याशिवाय पुढची फ्रेम येत नाही, आणि ते आणखी तुकडे करून वाटता येईलच असं नाही. सेकंदाला 144 फ्रेम हव्या असतील तर त्या थ्रेडला प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम 6.9 मिलिसेकंद मिळतात. म्हणून एकेक कोअर किती वेगवान आहे हे आधी पाहायचं. आवाज, फिजिक्स, नकाशा लोड करणं ही उरलेली कामं मुख्य थ्रेडच्या आड येऊ नयेत इतके कोअर असले की झालं.

नुसते कोअर मोजून खरेदी करणे

2012 साली एएमडीचा एफएक्स-8350 आला. आठ कोअर, 4 गिगाहर्ट्झ. त्याच वर्षीचा इंटेलचा आय5-3570के चार कोअरचा, 3.4 गिगाहर्ट्झचा; तरी त्या काळच्या बहुतेक गेममध्ये इंटेल पुढे राहिला. एफएक्समध्ये दोन-दोन कोअर मिळून एकच फ्लोटिंग पॉइंट युनिट (दशांशांची गणितं करणारा भाग) वापरत आणि प्रत्येक क्लॉकमागे, म्हणजे गिगाहर्ट्झमध्ये मोजल्या जाणाऱ्या एकेका ठोक्यामागे, कामही कमी उरकत.

आज हीच चूक जुन्या सर्व्हरमधल्या झिऑन या इंटेलच्या प्रोसेसरमुळे होते. ई5-2680 व्ही4 मदरबोर्डासकट स्वस्तात मिळतो आणि जाहिरातीत '14 कोअर, 28 थ्रेड' (इथे थ्रेड म्हणजे प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो तितकी कामं) असं ठळक लिहिलेलं असतं. तो 2016चा आहे आणि टर्बोलाही (तात्पुरत्या वाढीव वेगालाही) 3.3 गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. चार कोअरचा आय3-12100एफ 4.3 पर्यंत जातो, शिवाय प्रत्येक क्लॉकमागे बरंच जास्त काम करतो. व्हिडिओ रेंडर करायचे असतील तर झिऑन घ्या. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक 2 खेळायचं असेल तर आय3च बरा.

उलट टोकाची चूकही तितकीच महागात पडते. 2014चा पेंटियम जी3258 दोन कोअरचा होता, पण ओव्हरक्लॉक होत (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत) असल्यामुळे गाजला. त्याच वर्षी आलेला फार क्राय 4 दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर सुरूच होईना, नुसती काळी स्क्रीन. आज चार कोअर, चार थ्रेडच्या जुन्या आय5वर नव्या मोठ्या गेमचा सरासरी फ्रेमरेट बरा दिसतो, पण गर्दीच्या जागी झटके बसतात. त्यामुळे सरासरीबरोबर 'वन पर्सेंट लो' (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा फ्रेमरेट) हा आकडाही बघायचा.

सहा कोअर आणि बारा थ्रेड, म्हणजे रायझन 5 5600 किंवा आय5-12400एफ, ही मध्यम बजेटची शहाणी निवड. निव्वळ गेमिंगसाठी आठ कोअरच्या पुढचा पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा. स्ट्रीमिंगसाठीही सोळा कोअर लागतात असं नाही. एनव्हिडियाच्या कार्डातला एनव्हेंक हा व्हिडिओ एन्कोड करणारा भाग ते काम परस्पर करतो.

गिगाहर्ट्झची तुलना

वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच पिढीतही फसगत होते. रायझन 7 5800एक्सचा बूस्ट (टर्बोसारखाच वाढीव वेग) 4.7, 5800एक्स3डीचा 4.5. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीच्या सिंगल-कोअर आकड्यात दुसरा मागे, गेममध्ये मात्र बहुतेक वेळा पुढे. त्याचं कारण एल3 कॅशे (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी), 32च्या जागी 96 मेगाबाइट. म्हणून तुम्ही खेळता त्याच गेमच्या, 1080पी रिझोल्यूशनवर ताकदवान कार्ड लावून घेतलेल्या चाचण्या पाहा. 4केच्या चाचणीत कार्डच आधी दमतं आणि सगळे प्रोसेसर सारखे भासतात.

'सीपीयू तर तीसच टक्के चालतोय'

बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण दमला तरी टास्क मॅनेजरमध्ये एकूण वापर साधारण 8 टक्क्यांनीच वाढतो. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडलं तरी चित्र स्पष्ट होईलच असं नाही, कारण विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं.

त्यापेक्षा व्ही-सिंक (फ्रेमरेट मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरने ग्राफिक्स कार्डाचा वापर स्क्रीनवर आणा आणि रिझोल्यूशन 1080पीवरून 720पीवर न्या. फ्रेमरेट जागचा हलला नाही आणि कार्डाचा वापर 90 टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर अडथळा प्रोसेसर किंवा रॅमकडे आहे. फ्रेमरेट चांगला वाढला तर प्रोसेसर बदलून काही मिळणार नाही.

नवा प्रोसेसर घेण्याआधी हे तपासा

रॅम. दुकानाच्या कोटेशनमध्ये 16 जीबीची एकच स्टिक असते, 'पुढे वाढवता येईल' म्हणून. तिथे 8-8च्या दोन मागा. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. बोर्डाचं मॅन्युअल एकदा बघा. मग टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावरचा स्पीड वाचा. 3200ची रॅम 2133 किंवा 2666 दाखवत असेल तर बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, बंद आहे. तो चालू करायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण असेंबल करून दिलेल्या पीसीत तो बंद राहिलेला वारंवार आढळतो.

उष्णता. आय5-12400एफचे सगळे कोअर कामाला लागले की क्लॉक 4 गिगाहर्ट्झच्या आसपास हवा. एचडब्ल्यूइन्फो (क्लॉक आणि तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून वीस-पंचवीस मिनिटं खेळा. सुरुवातीला 4 आणि मग 3च्या खाली, तापमान 100 अंशांपाशी, असं दिसलं तर कूलर नीट बसलेला नाही, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळली आहे किंवा केसमधून हवा खेळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असते, तेव्हा हिवाळ्यात निभावलेला कूलर उघडा पडतो. तापमान ठीक असूनही क्लॉक पडत असेल तर बोर्डाचा वीजपुरवठा पाहा. स्वस्त एच610 बोर्डावर आय7 बसवल्यावर असं होऊ शकतं.

एमएसकॉन्फिग (विंडोज कसं सुरू व्हावं हे ठरवणारी खिडकी). 'सगळे कोअर चालू करा' असं सांगणारे व्हिडिओ बूट टॅबमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये प्रोसेसरच्या संख्येवर टिक करायला लावतात. त्याने वेग वाढत नाही, कारण विंडोज सगळे कोअर आपणहून वापरतं. वर धोका असा की टिक केली आणि खाली 1 तसाच राहिला, तर पुढच्या वेळी पीसी एकाच कोअरवर सुरू होतो. टिक काढा आणि रीस्टार्ट करा.

मिश्र कोअर. आय5-13400एफसारख्या प्रोसेसरमध्ये सहा मोठे आणि चार छोटे कोअर असतात. कोणतं काम कुठे टाकायचं हे विंडोज 11ला नीट कळतं, 10ला तितकं नाही. रायझन 9 7950एक्स3डीत जादा कॅशे आठच कोअरपाशी आहे. तिथे बायॉस, एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि एक्सबॉक्स गेम बार अद्ययावत नसतील तर गेम चुकीच्या आठ कोअरवर जाऊन बसतो.

एकच कोअर खरोखर कामाला येतो तो 2005च्या आधीच्या काही गेमसाठी. त्या काळच्या पहिल्या ड्युअल-कोअर अ‍ॅथलॉनमध्ये दोन कोअरची घड्याळं जुळत नसत आणि गेमचा वेग मध्येच वेडावाकडा होई. एएमडीला त्यासाठी वेगळा ऑप्टिमायझर काढावा लागला. आजही असा एखादा गेम लहरीपणा करत असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करा, 'सेट अ‍ॅफिनिटी' उघडा आणि एकच सीपीयू ठेवून बाकीच्या टिका काढा. गेम बंद केला की ही सोय पुसली जाते, दर वेळी नव्याने करावी लागते.