शॅमेलिऑनसाठी दुबिया झुरळांची वसाहत: उभारणी आणि निगा

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या ज्या मराठी घरांत पँथर किंवा व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन कायदेशीररीत्या पाळला जातो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. आपल्याकडचा शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असून त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. शॅमेलिऑनच्या आजारपणाचे मूळ पुष्कळदा त्याच्या खाद्यात असते. झुरळाने काल जे खाल्ले, तेच आज शॅमेलिऑनच्या पोटात जाते. म्हणून झुरळांकडे निव्वळ खाद्य म्हणून न पाहता त्यांची निगा दुसऱ्या पाळीव प्राण्याइतक्याच काळजीने घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

या कामासाठी दक्षिण अमेरिकेतील दुबिया झुरळ सर्वांत सोयीचे आहे. पूर्ण वाढलेले झुरळ साधारण 4 ते 4.5 सेंटीमीटर लांब असते, ते रातकिड्यासारखा आवाज करत नाही आणि गुळगुळीत काचेवर किंवा प्लॅस्टिकवर त्याला चढता येत नाही. नराचे पंख संपूर्ण पाठ झाकतात, तर मादीला पंखांचे फक्त आखूड ठोंब असतात, त्यामुळे नर आणि मादी ओळखणे सोपे जाते. कॅनडात मात्र दुबिया पाळण्यास परवानगी नाही, तेव्हा तेथील वाचकांनी अन्य कीटकांचा विचार करावा. घरात फिरणारी झुरळे पकडून शॅमेलिऑनला कधीही घालू नयेत, कारण त्यांच्या अंगात कीटकनाशक असण्याची शक्यता नेहमीच असते.

एका प्रौढ शॅमेलिऑनसाठी 20 माद्या आणि पाच-सहा नर एवढी सुरुवात पुरते. मादी अंडी बाहेर टाकत नाही. अंड्यांची पेटी ती पोटात वाढवते आणि दर दीड-दोन महिन्यांनी 20 ते 30 जिवंत पिल्लांना जन्म देते. कधीकधी मादीच्या मागच्या टोकाला पिवळसर, रेघारेघांची पेटी बाहेर आलेली दिसते आणि नवखा माणूस घाबरतो. ती पेटी मादी पुन्हा आत ओढून घेत असते, त्यामुळे त्या वेळी तिला हात लावू नये, कारण धक्का बसल्यास ती पेटी टाकून देते आणि ती सगळी पिल्ले वाया जातात. पिल्लू प्रौढ व्हायला चार ते सहा महिने लागतात. याचा अर्थ असा की पहिले चार महिने या वसाहतीतून काहीही काढू नये आणि तोवर लागणारे खाद्य बाहेरून विकत आणावे. बहुतेक वसाहती या टप्प्यावरच बसतात, कारण घाईने माद्या खाऊ घातल्या जातात.

वसाहतीसाठी 60 ते 70 लिटरचा अपारदर्शक, आतून गुळगुळीत असा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. झाकणाला मोठे चौकोन कापून त्यांवर धातूची बारीक जाळी बसवावी, कारण मऊ जाळी झुरळे कुरतडू शकतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावावेत, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि झुरळांची जागा कोरडी राहते. पैदास तापमानावर अवलंबून असते. डब्याच्या उबदार बाजूस 30 ते 33 अंश सेल्सिअस तापमान मिळाले पाहिजे. खोलीच्या साध्या तापमानात झुरळे जगतात, पण पिल्ले फारच कमी होतात. त्यासाठी उष्णतेची चटई डब्याच्या एकाच बाजूला बाहेरून लावावी आणि ती थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप नियंत्रित करणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही चालवू नये.

आता आहाराविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ओट्स, गव्हाचा कोंडा आणि थोडी डाळ यांचे भरड मिश्रण डब्यात कायम ठेवावे. कुत्र्या-मांजरांचे खाद्य स्वस्त पडते म्हणून अनेक जण तेच घालतात, परंतु झुरळ जादा प्रथिनांतला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात स्वतःच्या चरबीत साठवते आणि तो साठा शॅमेलिऑनच्या पोटात जातो, ज्याने गाऊटचा, म्हणजे शरीरात यूरिक आम्ल साचून होणाऱ्या आजाराचा, धोका वाढू शकतो. ओल्या खाद्यात गाजर, लाल भोपळा, रताळे, संत्रे, मोहरीचा पाला आणि कोलार्डची (कोबीच्या कुळातील पालेभाजीची) पाने द्यावीत. शेवग्याचा पाला मिळाला तर फारच उत्तम, कारण त्यात कॅल्शियम भरपूर असते. वाळवून केलेली पूडही कोरड्या मिश्रणात घालता येते. पालक टाळावा, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. पाण्याची उघडी वाटी ठेवू नये, तिच्यात लहान पिल्ले बुडतात. ओल्या भाज्या किंवा पाणी धरून ठेवणारे स्फटिक पुरेसे असतात. भाजी बुरशी येण्याआधी, म्हणजे दोन दिवसांत काढून टाकावी.

शॅमेलिऑनला घालायची झुरळे एक-दोन दिवस आधी वेगळ्या डब्यात काढून त्यांना उत्तम पाला आणि भाज्या भरपूर खाऊ घालाव्यात. झुरळाची रुंदी शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून जास्त नसावी. दुबियात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस अधिक असल्यामुळे दर वेळी साध्या कॅल्शियमची अगदी हलकी भुकटी लावावी. डी-3 जीवनसत्त्व आणि बहुजीवनसत्त्वांची भुकटी महिन्यातून दोनदा पुरते, मात्र पिंजऱ्यावर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा असणे गृहीत धरले आहे. झुरळ पिंजऱ्यात मोकळे सोडले की ते कुंडीच्या मातीत दडते आणि हालचाल दिसल्याशिवाय शॅमेलिऑन जीभ टाकत नाही. यावर उपाय म्हणजे गुळगुळीत भिंतींचे खोल भांडे फांदीच्या उंचीवर टांगून त्याच्या मागील बाजूस जाळीची पट्टी लावणे, कारण झुरळे त्या पट्टीवर चढू लागली की शॅमेलिऑनला ती स्पष्ट दिसतात. केवळ दुबियावर अवलंबून न राहता अधूनमधून रातकिडे आणि रेशीमकिडेही द्यावेत. वसाहतीतून मध्यम आकाराची पिल्ले आणि जादा नर काढावेत, माद्यांना हात लावू नये.

डब्यात पांढरेशुभ्र झुरळ दिसले तर ते आजारी नसते. त्याने नुकतीच कात टाकलेली असते आणि काही तासांत ते तपकिरी होते. अमोनियाचा वास, भिंतींवर धुळीसारखे हलणारे कण (माइट नावाचे सूक्ष्म जीव) किंवा काळी पडलेली मेलेली झुरळे दिसली, तर डब्यात ओल जास्त झाली आहे असे समजावे, ओले खाद्य थांबवावे आणि हवा वाढवावी. दोन-तीन महिन्यांनी विष्ठा चाळावी, पण थोडी मागे ठेवावी, कारण नवजात पिल्ले तीही खातात. या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते, म्हणून मास्क लावून आणि शक्यतो घराबाहेर चाळावे. चाळलेली विष्ठा बागेत टाकण्यापूर्वी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी, म्हणजे तिच्यात राहिलेले एखादे पिल्लू बाहेर जिवंत सुटणार नाही.

सुट्टीत भारतात महिनाभर येणार असाल, तर निघण्यापूर्वी थर्मोस्टॅट 25 अंशांवर आणावा, कोरडे मिश्रण भरून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा गाजर टाकण्याचे काम विश्वासू शेजाऱ्यावर सोपवावे. परतल्यावर तापमान पूर्ववत केले की पैदास काही आठवड्यांत पुन्हा सुरळीत होते.